पंधरावी जागा

घरांतील म्हाताऱ्या माणसाचा उपयोग काय, असा प्रश्न कोणीं उघडपणें विचारला तर ऐकणारास लाज वाटते. तोच प्रश्न आंकड्यांच्या भाषेंत विचारला म्हणजे मात्र तो शहाणपणाचा ठरतो आणि विचारणारा व्यवहारी म्हणून मिरवतो. व्यावसायिक खेळाच्या जगांत तर हा प्रश्न आंकड्यांवांचून विचारण्याची रीतच उरलेली नाहीं. अमेरिकेंतील मायामी शहराच्या ‘हीट’ या बास्केटबॉल संघाचा युडोनिस हॅस्लेम हा खेळाडू २०२३ सालीं निवृत्त झाला. त्यापूर्वीं कित्येक वर्षें दर उन्हाळ्यांत त्या संघाच्या चाहत्यांत एकच वाद पेटत असे : या माणसास आणखी एक वर्ष संघांत ठेवावें कीं नाहीं? माणूस निवृत्त झाला, पण वाद निवृत्त झाला नाहीं. ज्या ज्या संघांत एखादा वयस्क खेळाडू बाकावर बसलेला दिसतो, तेथें तेथें तेंच भांडण त्याच शब्दांत पुन्हां उभें राहतें. या भांडणांत दोन्ही पक्ष चुकत आहेत, आणि त्यांतील जो पक्ष स्वतःस अधिक शहाणा समजतो तो अधिक चुकत आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें सकारण मांडावें एवढाच या लेखाचा हेतु.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस हा खेळ शाळेच्या अंगणापुरताच ठाऊक असेल. म्हणून प्रथम वस्तुस्थिति सांगतों. मैदानावर एका वेळीं एका बाजूचे पांच खेळाडू असतात. एन्‌बीए या अमेरिकन लीगच्या नियमांप्रमाणें हंगाम चालूं असतां प्रत्येक संघास पूर्ण करारावर पंधराच खेळाडू ठेवतां येतात. २०१७ पासून दुय्यम करारावरील कांहीं तरुणांची सोय निराळी केलेली आहे. ते या पंधरांत मोडत नाहींत. हंगामाचे सामने ब्याऐंशी. पांच जण खेळास आरंभ करतात, आणखी चार-पांच जण त्यांना आळीपाळीनें विसांवा देतात, आणि उरलेल्यांची बहुतेक संध्याकाळ बाकावर बसून टाळ्या वाजविण्यांत जाते. ज्या जागेवरून हा सारा गदारोळ झाला ती या रांगेंतील शेवटची, पंधरावी जागा होय.

हॅस्लेम याचा जन्म १९८० चा, मायामी शहरांतलाच. फ्लॉरिडा विद्यापीठाच्या संघांत तो नांवारूपास आला. पण २००२ सालच्या ड्राफ्टमध्यें, म्हणजे तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडींत, एकाहि संघानें त्याचें नांव उच्चारलें नाहीं. एक वर्ष तो फ्रान्समधील शालों येथें खेळला, अंगावरचें बरेंच वजन उतरवून परतला, आणि २००३ सालीं आपल्या गांवच्या संघांत दाखल झाला. त्यानंतर वीस हंगाम त्यानें दुसऱ्या संघाचा उंबरठा चढला नाहीं. एकाच संघांत वीस हंगाम काढणारे त्याच्या आधीं दोघेच : लॉस एंजेलिसचा कोबी ब्रायंट आणि डॅलसचा डर्क नोविट्झकी. हॅस्लेमच्या काळांत संघानें २००६, २०१२ व २०१३ अशीं तीन अजिंक्यपदें मिळविलीं. २०१० सालीं दुसरीकडे अधिक पैसा मिळत असतां तो कमी वेतनावर येथेंच राहिला. टोपलीवर आपटून परतलेला चेंडू हिसकावून घेणें, ज्यास त्या खेळांत रिबाउंड म्हणतात, हें त्याचें खरें काम. आणि २०१२ च्या नोव्हेंबरांत त्या कामाच्या यादींत तो आपल्या संघाच्या इतिहासांत पहिला झाला. ड्राफ्टमध्यें कोणींहि न घेतलेला खेळाडू एखाद्या संघाच्या या यादींत सर्वांच्या वर जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

येथपर्यंत कोणाचाहि वाद नाहीं. वाद पुढच्या काळाचा आहे. २०१९ ते २०२३ या चार हंगामांत मायामीचे साखळींतील तीनशेंहून अधिक सामने झाले. त्यांत हॅस्लेम खेळला पंचवीस. २०२०-२१ च्या सबंध हंगामांत तर एकच : १३ मे २०२१ रोजीं तो तीन मिनिटांहूनहि कमी वेळ मैदानावर होता, तेवढ्यांत त्यानें चार गुण मिळविले, प्रतिपक्षाच्या ड्वाइट हॉवर्डशीं त्याची झटापट झाली आणि पंचांनीं त्यास बाहेर घालविलें. वर्षभराची कमाई एवढीच. यावर टीकाकार हंसले यांत नवल नाहीं.

प्रतिपक्षाचें म्हणणें आम्ही पातळ करून सांगणार नाहीं. त्याचे आक्षेप तीन आहेत. पहिला असा कीं, संघ हा अन्नछत्र नव्हे. जो खेळत नाहीं त्यानें जागा अडवूं नये. दुसरा असा कीं, त्याच्या अनुभवाचा उपयोग असेलच, तर त्यास प्रशिक्षक नेमावें. गणवेश चढवून बाकावर बसविण्याचें कारण काय? तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कोणत्यातरी गांवीं, कोणत्यातरी दुय्यम लीगमध्यें, कोणींहि न निवडलेला एक बावीस वर्षांचा मुलगा त्याच पंधराव्या जागेची वाट पाहत असतो. २००३ सालीं हॅस्लेम स्वतः तोच मुलगा होता. ज्या दारानें तो आंत आला तें दार त्यानेंच अडवून धरावें, हा कोणता न्याय? या आक्षेपास जो भावनेनें उत्तर देईल तो हरेल. म्हणून आम्ही वस्तुस्थितीनेंच उत्तर देतों.

पहिल्या आक्षेपांत पैशाचा मुद्दा गृहीत धरलेला असतो, आणि तो गृहीतच चुकीचा आहे. शेवटच्या वर्षांत हॅस्लेम किमान वेतनावर, एकेका वर्षाच्या करारावर राहत असे. जुन्या खेळाडूंस तरुणांपुढें कोणी नाकारूं नये म्हणून लीगच्या नियमांतच अशी तजवीज आहे कीं, एका वर्षाच्या किमान करारावर अनुभवी खेळाडू घेतल्यास संघाच्या हिशेबांत दोन वर्षें खेळलेल्या खेळाडूच्या किमान वेतनाइतकीच रक्कम धरली जाते, व वरचा भाग लीग भरून देते. म्हणजे हॅस्लेमच्या जागीं नवशिका घेतला असता तर संघाची तिजोरी भरली असती हें खरें नाहीं. उरली ती केवळ जागा.

जागेचा प्रश्न तिसऱ्या आक्षेपाशीं येऊन मिळतो; त्याची परीक्षा घटनांनींच करावी. हॅस्लेम बाकावर बसून होता त्याच वर्षांत मायामीच्या संघांत डंकन रॉबिन्सन, गेब व्हिन्सेंट, मॅक्स स्ट्रस आणि केलेब मार्टिन हे चौघे पुढें आले. चौघेहि ड्राफ्टमध्यें न निवडलेले. २०२३ सालीं हा संघ आपल्या विभागांत आठव्या क्रमांकावरून निघाला आणि मिलवॉकी, न्यूयॉर्क व बोस्टन या तिघांस हरवून अंतिम झुंजीपर्यंत पोंचला, तो या चौघांच्या बळावर. हें हॅस्लेमनें घडविलें असें आम्ही म्हणत नाहीं. तसा पुरावा कोणापाशींहि नाहीं, आणि जे त्याचे भक्त असें म्हणतात त्यांचा समाचार आम्ही पुढें घेणार आहों. आमचें म्हणणें एवढेंच कीं, अनाथ होतकरूंची वाट त्यानें अडविली हा आरोप ज्या संघावर करावयाचा तोच संघ अशा होतकरूंस सर्वांत उदार होता. तरीहि एक मुलगा बाहेर राहिला असेल. त्याचें दुःख खरें आहे आणि तें आम्ही पुसून टाकूं इच्छीत नाहीं. पण पंधरा जागांपैकीं चौदा जागा आजच्या सामर्थ्यासाठीं राखून एक जागा आणखी कशासाठीं तरी ठेवणें हा अन्याय ठरत असेल, तर मग जगांतील कोणत्याहि संस्थेनें आजच्या हिशेबापलीकडे कधींच पाहूं नये असें म्हणावें लागेल.

आतां दुसरा आक्षेप. त्यास प्रशिक्षक कां करूं नये? हा प्रश्न विचारणारांनीं अधिकार आणि वजन यांत फरक आहे हें ध्यानांत घेतलेलें नाहीं. प्रशिक्षकाच्या हातीं खेळाडूची मिनिटें असतात. त्याचा शब्द मानला जातो, पण त्यांत भयाचा अंश असतो. तोच शब्द, जो स्वतः त्याच नियमाखालीं उभा आहे, तोच सराव करतो, तेंच वजन दरमहा कांट्यावर देतो आणि शिवाय खेळावयास मिळत नाहीं तरी कुरकुरत नाहीं, अशा माणसाच्या तोंडून आला म्हणजे त्याची जात बदलते. २३ मार्च २०२२ रोजीं गोल्डन स्टेट संघाशीं सामना चालला असतां मायामीचा अग्रगण्य खेळाडू जिमी बटलर आणि प्रशिक्षक एरिक स्पोल्स्ट्रा यांची भर मैदानाच्या कडेला खडाजंगी उडाली. तेव्हां बटलरच्या समोर जो उभा राहिला तो हॅस्लेम. दुसऱ्या दिवशीं टीकाकारांनीं विचारलें कीं, जो स्वतः खेळत नाहीं त्यानें संघाच्या नायकास दटावण्याचें कारण काय? आमचें उत्तर असें कीं, तो खेळत नव्हता म्हणूनच तें त्यास शक्य झालें. ज्यास नायकाची जागा नको, त्याची मिनिटें नकोत, त्याच्या कराराचा वांटा नको, त्याच्या रागावर मत्सराचा संशय कोण घेणार? त्या हंगामांत तो संघ आपल्या विभागांत पहिला आला. भांडणानें संघ फुटला नाहीं, एवढें तरी टीकाकारांस मान्य करावें लागेल.

येथें आमच्याकडील एक उदाहरण सांगितलें जाण्याचा संभव आहे, आणि तें या वादांत उपयोगी नाहीं हें आधींच सांगून टाकतों. प्रो. दि. ब. देवधर यांनीं १९३९-४० व १९४०-४१ या दोन्ही वर्षीं महाराष्ट्राच्या संघास रणजी करंडक मिळवून दिला तेव्हां त्यांचें वय अठ्ठेचाळिशीच्या घरांत होतें, आणि १९४४ सालीं बावन्नाव्या वर्षीं त्यांनीं एकाच सामन्यांत दोन शतकें काढलीं. ही गोष्ट अभिमानाची खरी. पण देवधरांच्या बॅटींतून धांवा निघत होत्या. जोंवर धांवा निघतात तोंवर वयाचा प्रश्न हा प्रश्नच नसतो. धांवा आटल्यावर माणसाचें काय करावयाचें, हा आमच्यापुढील प्रश्न आहे, आणि तो पराक्रमाच्या गोष्टींनीं सुटत नाहीं.

तो कृतज्ञतेच्या गोष्टींनींहि सुटत नाहीं. दुसऱ्या पक्षाकडे आतां वळतों. या भाविकांचें म्हणणें असें कीं, ज्यानें संघासाठीं रक्त आटविलें त्यास तो म्हणेल तोंवर, तो मागेल त्या मोलानें ठेवावें. हिशेब करणें हीच कृतघ्नता. या मताचें फळ काय मिळतें तें लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघानें जगास दाखविलें आहे. कोबी ब्रायंट हा हॅस्लेमहून कितीतरी पटींनीं थोर खेळाडू. पांच अजिंक्यपदांचा धनी. एप्रिल २०१३ मध्यें त्याच्या टाचेमागील स्नायुबंध तुटला. तो पुन्हां मैदानावर उतरून पाहण्यापूर्वींच, त्याच वर्षीं नोव्हेंबरांत, संघानें त्याच्याशीं पुढील दोन हंगामांचा चार कोटी पंचाऐंशी लक्ष डॉलरांचा करार केला. लीगमध्यें प्रत्येक संघाच्या एकूण वेतनास मर्यादा असते. त्या मर्यादेचा एकतृतीयांशाहून मोठा भाग या एका माणसाकडे गेला. पहिल्या वर्षीं तो पस्तीस सामने खेळला आणि संघानें एकवीस सामने जिंकले. दुसऱ्या वर्षीं त्यानें निवृत्ति जाहीर केली, गांवोगांवीं निरोपाचे समारंभ झाले, आणि संघ सतरा सामने जिंकून पासष्ट हरला. त्या संघाच्या इतिहासांत याहून वाईट वर्ष नाहीं. १३ एप्रिल २०१६ च्या शेवटच्या सामन्यांत त्यानें साठ गुण केले, त्यासाठीं पन्नास वेळां चेंडू टोपलीकडे फेंकला, आणि प्रेक्षक रडले. त्या रात्रीची भव्यता आम्ही नाकारीत नाहीं. २०२० सालीं तो अपघातांत अकालीं गेल्यानंतर तर ती आठवण अधिकच हळवी झाली आहे. पण एका रात्रीच्या अश्रूंसाठीं दोन वर्षें आणि तरुण खेळाडूंची एक पिढी खर्चीं घालणें यास कृतज्ञता म्हणत नाहींत. दोष ब्रायंटचा नव्हे. देऊं केलेला पैसा कोण नाकारील? दोष देणारांचा, आणि त्यांना टाळ्या वाजवून प्रोत्साहन देणाऱ्या भाविकांचा.

त्याच काळीं सॅन अँटोनियो येथील टिम डंकन यानें दुसरा मार्ग दाखविला होता. २०११-१२ च्या हंगामांत त्याचें वेतन दोन कोटी डॉलरांहून अधिक होतें. २०१२ च्या नव्या करारांत तें त्याच्या निम्म्यावर आलें. संघांत चांगल्या साथीदारांस जागा राहिली, आणि २०१४ सालीं त्यांनीं अजिंक्यपद घेतलें, तेंहि हॅस्लेमच्याच मायामीस हरवून. डंकन ब्रायंटहून लहान होता असें कोणी म्हणणार नाहीं. तेव्हां म्हाताऱ्या खेळाडूचा प्रश्न त्याच्या थोरवीवरून सुटत नाहीं, हें या तीन माणसांच्या चरित्रांवरून उघड होतें. तिघांत जो सर्वांत लहान खेळाडू त्याचें राहणें योग्य होतें, आणि ज्याच्या नांवानें अजूनहि मुलें चेंडू फेंकतात त्यास ज्या अटींवर ठेविलें त्या अटी अयोग्य होत्या.

मग कसोटी कोणती? आमच्या मतें तीन गोष्टी पाहाव्या. त्याचें मोल त्याच्या आजच्या बळाप्रमाणें उतरलें आहे काय? मैदानावरील वेळ तो तरुणांकडून हिसकावून घेतो काय? आणि त्याचा करार वर्षावर्षानें नवा होतो, कीं त्याच्या भूतकाळाच्या जोरावर पुढील कित्येक वर्षें गहाण पडतात? या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें सरळ आलीं तर त्याची जागा त्यानें कमावलेली आहे; एकाचें जरी वांकडें आलें तरी चाहत्यांनीं खुशाल ओरडावें. २०२५ सालीं लेब्रन जेम्स हा तेविसाव्या हंगामांत पांच कोटींहून अधिक डॉलरांच्या वेतनावर उतरला तेव्हां जो वाद झाला त्यासहि हीच कसोटी लावतां येते. फरक एवढाच कीं, तो अजून गुण मिळवीत असल्यामुळें त्याच्या बाबतींत पहिल्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास कष्ट पडतात.

आपल्या परंपरेंत गृहस्थाश्रम आणि संन्यास यांच्यामध्यें वानप्रस्थ म्हणून एक आश्रम कल्पिलेला आहे. किल्ल्या मुलाच्या हातीं द्यावयाच्या, पण विचारलें तर सांगण्याइतकें जवळ राहावयाचें, हें त्याचें मर्म. ब्रायंटच्या भाविकांना किल्ल्या सोडवत नव्हत्या. हॅस्लेमच्या टीकाकारांना जवळ राहणेंच खपत नव्हतें. दोघांच्याहि मनांत जीवनाच्या दोनच अवस्था आहेत : एक तर सर्व कांहीं, नाहींतर कांहींच नाहीं.

या टीकाकारांवर आमचा खरा राग आहे तो वेगळ्याच कारणासाठीं. चाहता हा संघाचा मालक नव्हे. नफा त्याच्या पदरीं पडत नाहीं, तोटा त्याच्या खिशांतून जात नाहीं. तो तिकिटाचे पैसे देतो आणि प्रेम करतो. असें असतां अलीकडे तो मालकाची खतावणी बगलेंत मारून बोलूं लागला आहे. अमुक खेळाडूचें मोल काय, अमुक करार कधीं संपतो, अमुक जागा मोकळी झाली तर काय येईल, हीच त्याची रसिकता. जो संघ मालकासहि जड होत नव्हता तो यास जड होतो. आणि ही संवय मैदानापुरती राहत नाहीं. दिवसा जो गिरणींत किंवा कचेरींत नोकरी करतो आणि पन्नाशी उलटल्यावर आपणांस काढून टाकतील या धास्तींत असतो, तोच रात्रीं दूरच्या एका माणसाविषयीं म्हणतो कीं, त्याचा आतां उपयोग काय, काढून टाका. ज्या मापानें उद्यां आपणांस मोजणार आहेत तें माप आपणच घासून लखलखीत करून ठेवावें, याहून आत्मघातकी हौस कोणती?

जून २०२३ मध्यें डेन्व्हरविरुद्ध अंतिम झुंजीचा तिसरा सामना हातांतून गेल्यावर शेवटच्या कांहीं सेकंदांसाठीं हॅस्लेमला मैदानावर पाठविण्यांत आलें. त्रेचाळिसावें वर्ष पुरें व्हावयास दोन दिवस उरले होते, आणि अंतिम झुंजींत उतरलेला तो सर्वांत वयस्क खेळाडू ठरला. त्यावरहि उपहास झाला. पुढें संस्थेनें त्यास खेळाडू घडविण्याच्या कामावर नेमलें, आणि जानेवारी २०२४ मध्यें त्याचा चाळीस क्रमांकाचा सदरा छतास टांगला. हे मान आम्ही पुराव्यादाखल सांगत नाहीं, कारण मान कोणासहि देतां येतात. पुरावा त्या कमी वेतनाच्या, वर्षावर्षाच्या करारांत आहे. पंधरावी जागा पुन्हां कोठें वादांत येईल तेव्हां चाहत्यांनीं आधीं ते करार काढून वाचावे, आणि मग तोंड उघडावें, एवढीच आमची मागणी आहे.